चार्ज न होणारा लॅपटॉप आणि घरांतील न्यायनिवाडा

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे प्रथम अपराधी शोधावयाचा आणि मग, सवड उरल्यास, वस्तूंतला दोष शोधावयाचा, अशी आपल्याकडील जुनी वहिवाट आहे. घड्याळ बंद पडलें तर "कोणीं हात लावला?" हा प्रश्न आधीं येतो, किल्ली दिली होती कीं नाहीं, हा मागाहून. पूर्वीं या वहिवाटीनें फारसें नुकसान होत नसे. घरचें घड्याळ थांबलें तरी शाळेची घंटा वेळेवर होतच असे. परंतु ज्या वस्तूवर मुलाचे निबंध, त्याचे प्रकल्प आणि कांहीं वेळां त्याची परीक्षाही अवलंबून असते, ती लॅपटॉप नांवाची वस्तु आज चार्ज होते व उद्यां होत नाहीं, अशी लहरी होऊन बसली म्हणजे तीच वहिवाट घरांत मोठा अन्याय करूं शकते. असा एक अन्याय आम्हीं दादरांत आपल्या डोळ्यांनीं पाहिला, आणि त्यावरून जे विचार मनांत आले ते विद्यार्थी व पालक या उभयतांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

दादरच्या पश्चिमेस, गोखले रस्त्याच्या बाजूस, ज्या थोड्या जुन्या चाळी अद्याप उभ्या आहेत त्यांपैकीं एकींत हें कुटुंब राहतें. वडील एका पेढींत नोकरीस, आई घरगुती डबे करून देते, आणि मुलगा दहावींत. लॅपटॉप कोणा नातेवाइकानें वापरलेला, पण चांगल्या स्थितींत मिळालेला. खोलींत सोयीचा स्विचबोर्ड एकच. त्यावर सकाळीं मिक्सर, दुपारीं इस्त्री आणि रात्रीं लॅपटॉप, असा क्रम. मुलगा रात्रीं प्लग लावून निजे आणि सकाळीं पाहावें तों बॅटरी कधीं शंभर टक्के, कधीं अकरा. वडिलांनीं निदान केलें तें असें: "रात्रभर चित्रपट पाहिलास, दुसरें काय?" मुलानें नाकारलें. नाकारण्याचाच राग अधिक आला. तिसऱ्या वेळीं विज्ञानाच्या प्रकल्पाचें लिखाण अर्ध्यावर असतां यंत्र मान टाकून बसलें, केलेलें काम गेलें, आणि वडिलांनीं लॅपटॉप कपाटांत घालून किल्ली खिशांत ठेवली. चार दिवस बापलेकांत बोलणें नव्हतें.

पांचव्या दिवशीं वडील तें यंत्र एका दुकानीं घेऊन गेले. दुकानदारानें प्लग लावला. बॅटरी निमूटपणें भरूं लागली. येथें वस्तुतः सारें प्रकरण उलगडावयास हवें होतें. जें यंत्र दुकानांत चार्ज होतें व घरीं होत नाहीं, त्याचा दोष घरांत असण्याचा संभव अधिक, हें कोणाच्याही ध्यानांत यावें. परंतु दुकानदारास विकावयाचें होतें व गिऱ्हाइकास कांहींतरी केल्याचें समाधान हवें होतें. "अडॅप्टर जुना झाला," असें ठरून नवा, स्वस्त, नांवापुरता तसाच दिसणारा अडॅप्टर घरीं आला. त्यानें दुखणें बरें न होतां दुप्पट झालें. आतां बॅटरी कधीं भरेना आणि कधींच भरेना, अशी अवस्था. दुसऱ्या खेपेस उत्तर मिळालें: "बॅटरी गेली, नवी घाला." तिची किंमत ऐकून आईनें डब्याच्या हिशेबाची वही मिटून ठेवली.

त्याच मजल्यावर विजेच्या खात्यांत उभी हयात काढलेले एक वृद्ध गृहस्थ राहतात. सारी चाळ त्यांस काका म्हणते. त्यांनीं हातांत स्क्रूड्रायव्हर घेतला नाहीं. त्यांनीं मुलास जवळ बसवून एवढेंच विचारलें, "बाळ, हा कोठें चालतो आणि कोठें चालत नाहीं, तें सांग." मग टेबलावरचा एक साधा दिवा मागविला व त्याच सॉकेटांत लावला. दिवा लागला. काकांनीं प्लगला बोटानें किंचित् हालविलें. दिवा मिणमिणला, गेला, पुन्हां लागला. मिक्सर आणि इस्त्री यांच्या रोजच्या भारानें तापून तापून सॉकेटांतील पितळी पट्ट्यांची पकड सैल झाली होती. रात्रीं कोणी कुशीवर वळून वायरीस पाय लागला कीं वीज तुटे. मुलगा खरें बोलत होता.

नव्या अडॅप्टरचें प्रकरण निराळें निघालें. यंत्र दररोज सुरू होतांना पडद्यावर एक इंग्रजी वाक्य दाखवीत असे, आणि मुलगा तें न वाचतां कळ दाबून पुढें जात असे. काकांनीं तें मोठ्यानें वाचावयास लाविलें. अर्थ सरळ होता: जोडलेल्या अडॅप्टरची ओळख पटत नाहीं, सबब बॅटरी चार्ज केली जाणार नाहीं. जुना अडॅप्टर, जो निकामी म्हणून माळ्यावर टाकला होता, तो खालीं काढून शेजारच्या बिऱ्हाडांत लावला, आणि बॅटरी भरूं लागली.

आमचें मत असें आहे कीं या घटनेंत जें झालें तें अपवादात्मक नसून बहुतेक घरांत थोड्याफार फरकानें घडत असतें. आणि त्याचें कारण विजेचें अज्ञान हें जितकें आहे त्याहून अधिक तें विचार करण्याच्या पद्धतीचें अज्ञान आहे. जी वस्तु साफ बंद पडते तिचा दोष शोधणें सोपें. जी मधूनमधून चालते ती मनुष्यास फसविते. आपण प्लग उलटा करतों, फुंकर घालतों, वायरीस रबर गुंडाळतों, यंत्र बंद करून पुन्हां सुरू करतों. त्याच क्षणीं योगायोगानें वीज वाहूं लागते, आणि आपण त्या फुंकरीस गुणकारी मानूं लागतों. मग महिना महिना ती फुंकर चालू राहते. तापाच्या रोग्यानें ज्या दिवशीं अंगारा लावला त्याच दिवशीं ताप उतरला, तर श्रेय कोणास जातें हें आपण सर्व जाणतोंच.

यावर उपाय एक वही. प्लग कोठें लावला, कोणता अडॅप्टर होता, त्यावरील दिवा लागलेला होता कीं नाहीं, किती वाजतां किती टक्के होते, एवढें चार दिवस लिहिलें तर पुष्कळसा निकाल आपोआप लागतो. आणि प्रयोग करतांना एका वेळीं एकच वस्तु बदलावी. सॉकेट बदलून पाहावें, पण अडॅप्टर तोच ठेवावा. मग अडॅप्टर शेजाऱ्याचा, पण सॉकेट तेंच. वरील कुटुंबानें दोष सॉकेटांत असतांना अडॅप्टर बदलला, त्यामुळें एका दोषावर दुसरा दोष चढला आणि पहिला झांकून गेला. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकांत हा नियम प्रयोगशाळेच्या प्रकरणांत छापलेला असतो. मुलें तो पाठ करून गुण मिळवितात आणि घरीं आल्यावर भिंतीवरील सॉकेटाशीं त्याचा कांहीं संबंध असेल असें त्यांच्या स्वप्नांतही येत नाहीं.

विजेचा मार्ग डोळ्यांपुढें आणला तर कोठें पाहावें हें सहज कळतें. आमच्या या शहरांत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ सालीं स्थापन झाली; ७ मे १९०७ रोजीं विजेवरील ट्राम धांवूं लागली; ७ ऑगस्ट १९४७ रोजीं तो कारभार महापालिकेकडे आला, आणि बेस्टची वीज आजही दादरच्या घरोघरीं येते. ट्राम मात्र ३१ मार्च १९६४ रोजीं बोरीबंदराहून दादरपर्यंत शेवटची धांवली. 'दादर टी. टी.' या नांवांतील दोन अक्षरें ट्राम टर्मिनसचीं आहेत हें आजच्या किती मुलांस ठाऊक असेल, कोण जाणे. त्या ट्रामच्या टपावरील दांडा वरच्या तारेस टेकलेला असे. तो तारेवरून सरला कीं गाडी उभी राही. गाडीचें यंत्र धडधाकट, तारेंत वीज भरपूर, परंतु दोहोंचा स्पर्श तुटलेला. लॅपटॉपच्या तक्रारींपैकीं पुष्कळ तक्रारी याच जातीच्या असतात. यंत्र चांगलें, वीज चांगली, बिघाड सांध्यांत.

असे सांधे किती आहेत? भिंतीवरील सॉकेट हा पहिला. तेथून अडॅप्टरपर्यंतची जाड वायर कित्येक अडॅप्टरांत सुटी असते, आणि तिचें अडॅप्टरकडील टोंक अर्धवट बसलें आहे हें वरून दिसत नाहीं. तें एकदां घट्ट दाबून पाहावें. भिंतींतील वीज २३० व्होल्टांची व दिशा बदलणारी. अडॅप्टर तिची एकाच दिशेनें वाहणारी, साधारण १९ ते २० व्होल्टांची वीज करतो. पुढची बारीक वायर जेथें यंत्राच्या टोंकाशीं वांकते तेथेंच बहुधा आंतून तुटते, कारण आपण लॅपटॉप उचलतांना ती ओढतों आणि ठेवतांना अडॅप्टराभोंवतीं करकचून गुंडाळतों. शेवटीं यंत्राचें तोंड: त्यांत धूळ, कापसाचा तंतू, किंवा आंतील सैल झालेली खांच.

आतां अडॅप्टरवरील लहानसा दिवा, ज्याकडे कोणी पाहत नाहीं, तो येथें साक्षीदार होतो. लॅपटॉप न जोडतां नुसता अडॅप्टर भिंतींत लावला आणि दिवा लागला नाहीं, तर दोष भिंतींत, वायरींत वा अडॅप्टरांत. लॅपटॉपास दूषण देण्याचें कारण नाहीं. दिवा लागला, पण टोंक यंत्रांत घालतांच विझला, तर पुढच्या वायरींत वा यंत्रांत कोठें तरी वीज आडमार्गानें जात आहे किंवा अडॅप्टर दुर्बळ झाला आहे; अशा वेळीं पुनः पुनः लावून पाहूं नये. दिवा स्थिर आहे आणि तरी बॅटरी भरत नाहीं, तर मग दोष पुढें, म्हणजे टोंकांत, ओळखींत, बॅटरींत किंवा यंत्राला आपणच केव्हां तरी दिलेल्या आज्ञेंत. सर्वच अडॅप्टरांस असा दिवा नसतो, ही मात्र अडचण आहे.

ओळखीची गोष्ट पालकांनीं विशेष समजून घ्यावी, कारण पैसा तेथेंच जातो. कित्येक लॅपटॉप अडॅप्टरला प्रथम विचारतात कीं तूं किती वॅटचा. ६५ वॅटचा अडॅप्टर म्हणजे २० व्होल्ट व सव्वातीन अँपियर, यांचा गुणाकार करून पाहावा. कांहीं यंत्रांच्या वाटोळ्या टोंकांत मधोमध केसासारखी एक पिन असते ती या विचारपुशीसाठींच. ती वांकली, तुटली, किंवा नकली अडॅप्टरांत ती केवळ शोभेची असली, म्हणजे यंत्र कसेंबसें चालतें पण बॅटरी भरीत नाहीं. नव्या टाइप-सी जोडणींत हेंच संभाषण निराळ्या तऱ्हेनें होतें. तेथें टोंक बसलें म्हणजे सर्व जुळलें असा भ्रम होतो. मोबाइलचा लहान चार्जर त्याच भोकांत नीट बसतो, पण लॅपटॉपाची भूक त्यानें भागत नाहीं. यंत्र निजलें असतां बॅटरी थोडी चढते आणि काम सुरू करतांच उतरूं लागते. अशीं लक्षणें दिसलीं तर तो बिघाड नव्हे, उपासमार आहे. वायर देखील पाहावी. बारीक, स्वस्त वायर मोबाइलास पुरते, लॅपटॉपास पुरेलच असें नाहीं.

बॅटरीवर मात्र आम्ही थोडा अधिक वेळ घालवूं, कारण तिच्यावर खोटे आरोपही फार होतात आणि खरे आरोप उशिरां होतात. लिथियम-आयन बॅटरी बाजारांत आली ती १९९१ सालीं. तिच्या घडणीबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. ही बॅटरी अमर नाहीं. साधारण ३०० ते ५०० वेळां पूर्ण भरून रिकामी झाली कीं तिची सांठवणूक मूळच्या चार पंचमांशांवर येऊं लागते. कांहीं अधिकही टिकतात. नवी असतां तिची क्षमता किती होती व आज पूर्ण भरल्यावर किती आहे, हे दोन आंकडे बहुतेक यंत्रें स्वतःच दाखवितात. पहिला आंकडा पन्नास व दुसरा बावीस असेल, तर बॅटरीचें म्हातारपण मान्य करावें. दुसरा पंचेचाळीस असेल, तर "बॅटरी गेली" म्हणणाऱ्यास पुरावा मागावा. ऐंशी टक्क्यांवर येऊन बॅटरी थांबते, हीही तक्रार वारंवार ऐकूं येते. परंतु बॅटरीचें आयुष्य वाढावें म्हणून यंत्रांतच तशी मर्यादा घातलेली असते, आणि ती सोय कोणी तरी चालू करून विसरलेला असतो.

उष्णतेची गोष्ट मुंबईकरांस निराळी सांगावयास नको. मे महिन्याच्या दुपारीं गादीवर पालथें पडून, लॅपटॉप उशीवर ठेवून अभ्यास करणाऱ्या मुलाच्या यंत्राचीं वाऱ्याचीं छिद्रें बंद होतात. बॅटरी फार तापली कीं यंत्र स्वसंरक्षणार्थ चार्जिंग आंखडतें किंवा थांबवितें. संध्याकाळीं तेंच यंत्र टेबलावर ठेवलें असतां बिनतक्रार भरतें, आणि घरांत त्याला भुताटकीचें नांव मिळतें.

हा सर्व खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या. मुंबईंत आठवीपासूनचे वर्ग पुनः भरूं लागले ते ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं. त्या दीड वर्षांत पडदा काळा झाला कीं मुलाची शाळा सुटे. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास साऱ्या मुंबईची वीज गेली, तेव्हां भरलेल्या बॅटरीचें मोल काय तें पुष्कळांस कळलें. शाळा आतां पुनः इमारतींत भरतात खऱ्या, पण गृहपाठाचा एक मोठा भाग पडद्यावरच राहिला आहे. "माझा लॅपटॉप चार्ज झाला नाहीं" हें वाक्य शिक्षकांच्या कानीं आज सबब म्हणून येतें; तें खरें असूं शकतें, हें आम्हां शिक्षकांनींही लक्षांत ठेवावें. आणि विद्यार्थ्यांनीं हें लक्षांत ठेवावें कीं वहींतील चार दिवसांच्या नोंदी दाखविणाऱ्याचें म्हणणें कोणीही शिक्षक सहसा अव्हेरणार नाहीं.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नाहींतर आमच्या लेखानें उत्साही मुलें हातोडी घेऊन बसावयाचीं. अडॅप्टर घरीं कधींही फोडूं नये. त्याच्या आंत ३२५ व्होल्टांच्या आसपास दाब सांठलेला असतो, आणि प्लग काढल्यावरही तो कांहीं काळ राहूं शकतो. लॅपटॉप टेबलावर नीट बसेना, मधला स्पर्शफलक वर उचलला गेला, झांकण मिटेना, तर आंतील बॅटरी फुगली आहे असें समजून तें यंत्र तत्काळ बंद करावें, चार्जिंगला लावूं नये, टोंचूं नये, दाबूं नये, आणि जाणत्याच्या स्वाधीन करावें. पावसाळ्यांत हिंदमाताच्या पाण्यांतून दप्तर भिजवून आलेला लॅपटॉप "पाहूं तरी चालतो का" म्हणून प्लगास लावणें हा शुद्ध अविचार होय. सैल सॉकेट बदलणें हें वायरमनचें काम, मुख्य स्विच बंद करून करावयाचें. आणखी एक: धातूच्या लॅपटॉपला हात लावतांच मुंग्या आल्यासारखें वाटलें, तर तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन जमिनीशीं खरोखर जोडलेली आहे काय, हें पाहून घ्यावें. जुन्या चाळींत ती कित्येकदां भोकांत नुसती उभी असते.

"इतकें कोण पाहत बसतो? बिघडलें कीं नवें घ्यावें," असें म्हणणारे सुशिक्षितांतही आहेत. त्यांच्याशीं आमचा मतभेद आहे, आणि तो केवळ काटकसरीचा नाहीं. वस्तु दुरुस्त करून वापरण्याचा ग्राहकाचा हक्क आतां सरकारनेंही मानला आहे. त्यासाठीं भारत सरकारच्या ग्राहक खात्यानें डिसेंबर २०२२ मध्यें एक स्वतंत्र संकेतस्थळ उघडलें. लॅमिंग्टन रस्त्यावर, म्हणजे आतांच्या डॉ. भडकमकर मार्गावर, यंत्राची सैल खांच काढून नवी बसवून देणारे कुशल कारागीर बसलेले आहेत. तेथें "लॅपटॉप बिघडला" असें सांगत जाणारा मनुष्य आणि "दिवा स्थिर आहे, दुसरा अडॅप्टर लावून पाहिला, टोंक डावीकडे वळविलें तरच भरतो" असें सांगत जाणारा मनुष्य, या दोघांस मिळणारी वागणूक व त्यांचें बिल यांत किती अंतर पडतें, तें आम्हीं पाहिलें आहे. आमची सूचना अशी कीं प्रत्येक हायस्कुलाच्या विज्ञानखोलींत एक फळी बिघडलेल्या वस्तूंसाठीं राखून ठेवावी: तुटक्या वायरी, रुसलेले चार्जर, मंद बॅटऱ्या, भिंतीची वीज त्यांस न जोडतां, शिक्षकांच्या देखत, दोष कोठें आहे एवढेंच मुलांनीं शोधावें व कागदावर कारणांसह लिहावें. दुरुस्ती न झाली तरी चालेल.

गोखले रस्त्यावरील त्या घराचें पुढें काय झालें, तें सांगावयाचें राहिलें. वायरमननें सॉकेट बदललें. ओट्याजवळ मिक्सरसाठीं व इस्त्रीसाठीं जाड पिनेचें निराळें सॉकेट बसलें. स्वस्त अडॅप्टर दुकानदारानें परत घेतला नाहीं. वडिलांनीं मुलाची क्षमा मागितली नाहीं. आपल्याकडे वडील ती क्वचितच मागतात. परंतु त्या रात्रीं जेवणें झाल्यावर त्यांनीं कपाटाची किल्ली मुलाच्या उशाशीं ठेवली, आणि प्रकल्पाचा गेलेला भाग पुनः लिहावयास तो बसला तेव्हां ते शेजारीं बसून, चष्मा कपाळावर सारून, त्याच्या कच्च्या वहींतील मजकूर त्यास वाचून दाखवीत होते. अडॅप्टरचा दिवा साडेअकरापर्यंत स्थिर होता, असें काकांनीं आम्हांस सांगितलें. ते गॅलरींत उभे राहून पाहत होते म्हणे.